रॉक गायकांच्या पायात उंच टाचा कशा आल्या?

दर दोन-तीन वर्षांनी हा वाद नव्यानं पेटतो. डिसेंबर 2020 मध्ये हॅरी स्टाइल्स हा इंग्लिश गायक अमेरिकन 'व्होग' मासिकाच्या मुखपृष्ठावर झालरींचा गाऊन आणि त्यावर पुरुषी कोट घालून आला. त्यावर अमेरिकेतल्या एका भाष्यकर्तीनं "मर्दानी पुरुष परत आणा" म्हणून हाकाटी केली. पुढच्याच वर्षी इटलीच्या मोनेस्किन बँडनं युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा जिंकली. पोरांच्या डोळ्यांत काजळ होतं आणि पायात जाड तळव्याचे उंच बूट. असे फोटो फिरत फिरत आपल्या मोबाईलवर आले की प्रश्न साधारण ठरलेले असतात. यांना झालंय काय? बायकांसारखं नटायचं कशाला? ही आजकालची थेरं आली कुठून?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात सोपं आहे: आजकालची नाहीतच. बाकीच्या दोहोंसाठी थोडं मागं जावं लागेल. जाण्यापूर्वी एक शब्द सांगून ठेवतो, अँड्रोजिनी. पुरुषी आणि बायकी समजल्या जाणाऱ्या गोष्टी एकाच अंगावर अशा आणायच्या की बघणाऱ्याला चटकन निवाडा करता येऊ नये. पूर्ण बाईचं सोंग घेणं म्हणजे अँड्रोजिनी नव्हे. ओठावर मिशीची बारीक रेघ, शर्टाची बटणं पोटापर्यंत उघडी आणि पायात चार इंची टाच, हे मात्र पक्कं अँड्रोजिनस.

टाच मुळात घोडेस्वाराची

उंच टाचेचा जोडा रुळवला तो पश्चिम आशियातल्या पुरुषांनी, त्यातही लढवय्यांनी. इराणी स्वाराला धावत्या घोड्यावर रिकिबीत उभं राहून बाण सोडावा लागे. टाच रिकिबीत अडकली की पाय पुढं घसरत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. टाचेचं काम एवढंच होतं. 1599 मध्ये इराणचा शहा अब्बास यानं ऑटोमन तुर्कांविरुद्ध दोस्त शोधायला युरोपच्या दरबारांकडे वकील धाडले. त्या सुमारास इराणी गोष्टींची तिकडे हवा झाली आणि युरोपातल्या सरदारांनी टाचेचे जोडे उचलले. घोड्यावर नसतानाही ते घालू लागले. चिखलाच्या, दगडधोंड्यांच्या रस्त्यावर असल्या जोड्यानं चालणं अवघड, आणि नेमकी तीच त्यातली शान होती. मला चालावं लागत नाही, कामाला जावं लागत नाही, हे न बोलता सांगता येई.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात चौदाव्या लुईचं एक चित्र आहे, रिगो नावाच्या चित्रकारानं 1701 मध्ये काढलेलं. इंटरनेटवर सहज मिळेल. एकदा मोठं करून बघाच. साठी ओलांडलेला राजा, डोक्यावर कुरळ्या केसांचा भला थोरला टोप, अंगावर पांढऱ्या फरचं अस्तर लावलेला निळा राजेशाही झगा. तो झगा एका बाजूनं मुद्दाम वर सारलाय. का, तर पांढऱ्या रेशमी पायमोज्यांतल्या पोटऱ्या दिसाव्यात. एक पाय नर्तकासारखा पुढं टाकलेला आणि जोड्याची टाच लालभडक. ही लाल टाच दरबारात मान असलेल्यांनीच वापरायची अशी रीत होती. पोटऱ्या मिरवणं हे तेव्हा पुरुषांचं काम होतं, बायकांचे पाय तर घागऱ्याखाली झाकलेले असत.

युरोपातल्या काही बायका जाड तळव्याचे जोडे आधीपासून वापरत, पण मागं उंच टाच लावलेला जोडा त्यांनी घेतला तो पुरुषांचं पाहून. पुढं अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत पुरुषांनी तो सोडूनही दिला. शहाणा पुरुष उपयोगी कपडे घालतो, नटणं-मुरडणं बायकांकडे, अशी वाटणी झाली. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर तर सरदारी थाट अंगाशी येण्याचीच भीती होती. रंग गेले, लेस गेली, टाच गेली, उरला काळा कोट. जे. सी. फ्लूगल या मानसशास्त्रज्ञानं 1930 मध्ये या घटनेला 'पुरुषांचा महान त्याग' असं काहीसं थट्टेचं नाव दिलं. गंमत म्हणजे हा फ्लूगल स्वतः पुरुषांचे कपडे सुधारायला निघालेल्या एका इंग्रजी संघटनेत होता. 1929 साली स्थापन झालेल्या त्या संघटनेनं सभा घेतल्या, पत्रकं काढली. पुरुषांच्या गळ्यातली घट्ट कॉलर काही सुटली नाही आणि दहा-बारा वर्षांत संघटनाच मिटली.

स्टेजवर ती परत आली

सभा-पत्रकांना जे जमलं नाही ते गाणाऱ्यांना जमलं. त्यात पहिलं नाव घ्यावं लागतं लिटल रिचर्डचं. जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावचा हा कृष्णवर्णीय गायक 1955 मध्ये गाजला तेव्हा तोंडाला जाड मेकअप, डोळ्यांत काजळ आणि डोक्यावर केसांचा उंच फुगा असा अवतार करून पियानो बडवत होता. त्यामागचं एक कारण त्यानंच पुढं सांगितलं: गोऱ्या पोरींच्या मागं लागणारा पुरुष म्हणून गोऱ्यांनी आपल्याकडे पाहू नये, म्हणून. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्याच 1955 सालच्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला एका गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या आरोपावरून ठार मारलं होतं. लिटल रिचर्डला नटायची हौस होतीच, पण तो मेकअप चिलखताचंही काम करत होता.

बीटल्सची टाच याच्या मानानं अगदी सभ्य. 1961 मध्ये जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांनी लंडनच्या अनेलो अँड डाविडे या दुकानातून बूट करून घेतले. हे दुकान नाटकवाल्यांना आणि नाचणाऱ्यांना जोडे पुरवायचं. घोट्यापर्यंतचा निमुळता बूट आणि त्याला स्पॅनिश फ्लमेंको नर्तकांच्या बुटासारखी ठोकळ्याची टाच. सुटाखाली ती कुणाला खुपली नाही आणि जगभरच्या पोरांनी ते बूट मागितले. 1969 च्या जुलैत लंडनच्या हाइड पार्कात रोलिंग स्टोन्स बँडचा मिक जॅगर पांढरा झालरींचा झगा घालून गायला. तोवर पाणी बरंच पुढं गेलं होतं.

मग ब्रिटनची टीव्ही वाहिनी बीबीसी वन रंगीत झाली, नोव्हेंबर 1969 मध्ये. माझ्या मते पुढच्या सगळ्या चमचमाटाला हे कारण मोठं आहे, आणि त्याचा उल्लेख मात्र कमीच होतो. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर साटीन काय आणि खादी काय, दोन्ही करडीच. रंगीत पडद्यावर टिकली चमकते. मार्च 1971 मध्ये टी. रेक्स बँडचा मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून टीव्हीवरच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमात आला आणि तिथून ग्लॅम रॉक सुरू झालं असं मानतात. ग्लॅम रॉक म्हणजे ब्रिटनमध्ये 1971 ते 1974 च्या सुमाराला गाजलेलं, चमकी, साटीन आणि उंच टाचांनी सजलेलं संगीत.

6 जुलै 1972 ला डेव्हिड बोवी हा इंग्लिश गायक त्याच कार्यक्रमात आला. शेंदरी केस, रंगीबेरंगी, अंगाला घट्ट पोशाख, लाल चकचकीत बूट. गाता गाता त्यानं गिटारवाल्या मिक रॉन्सनच्या गळ्यात हात टाकला. आपल्याकडे दोन मित्र गळ्यात हात टाकून बाजारभर फिरले तरी कुणी बघत नाही. तिकडे मात्र इंग्लंडमध्ये पुरुषांमधले शरीरसंबंध कायद्यानं गुन्हा ठरायचे थांबून जेमतेम पाच वर्षं झाली होती. घरोघरी चहाच्या वेळी बापांनी कपाळाला हात लावला आणि पोरं पडद्यापुढून हलली नाहीत. त्यातली कितीतरी पुढं स्वतः गायक झाली. हा रॉन्सन म्हणजे हल या बंदराच्या शहरात पालिकेच्या बागांत माळीकाम केलेला गडी. असले कपडे घालायला तो सुरुवातीला बिलकूल राजी नव्हता.

स्लेड किंवा स्वीटसारख्या बँडांचे जुने फोटो पाहिले की मला अजून हसू येतं. कारखान्यांच्या गावातली दणकट पोरं, गालावर जाडजूड कल्ले, आणि खाली चंदेरी बूट. कुणी त्यांना बाई समजेल ही शक्यताच नव्हती, कुणी तसं समजावं अशी त्यांचीही इच्छा नव्हती. त्यांना मागच्या रांगेतून दिसायचं होतं. एल्टन जॉननं तर 1975 च्या एका रॉक चित्रपटात सुमारे साडेचार फुटांचे फायबरग्लासचे बूट चढवले आणि आत काठ्यांवर उभा राहिला. न्यूयॉर्कच्या किस बँडनं टाच अगदी वेगळ्या कामाला लावली. तोंडाला पांढरा रंग, पायात राक्षसाच्या जबड्यांचे बूट. तिथं उंची वाढवायची ती समोरच्याला धडकी भरावी म्हणून.

टाच घातली की शरीराचं काय होतं

अनवाणी सपाट उभं राहिलं की वजन टाच आणि चवडा यांच्यात वाटलं जातं. टाच उचलली की भार चवड्यावर सरकतो. तोल पुढं जातो, तो सावरायला कंबर आत वळते, छाती पुढं येते, पोटरी आखडून तिचा गोळा वर दिसू लागतो. पाऊल आखूड पडतं. पाय लांब दिसतात, माणूस ताठ दिसतो, आणि स्टेजवरच्या माणसाला नेमकं हेच हवं असतं. लुईला पोटरी दाखवायची होती, चमकत्या चड्डीतल्या गायकालाही तीच दाखवायची असते.

आता पाच इंची टाचेवर दोन तास उड्या कशा मारायच्या? त्याचं उत्तर प्लॅटफॉर्म. म्हणजे चवड्याखालचा तळवाही जाड करायचा. मागं पाच इंच आणि पुढं तीन इंच असेल तर पायाला उतार जाणवतो तो फक्त दोन इंचांचा. पाटावर उभं राहावं तसं. तुम्ही उंच झालात, पण पाऊल बरंचसं सपाटच आहे. म्हणून ग्लॅमवाल्यांनी पेन्सिल हील क्वचित घातली, जाड तळव्याचे बूट घातले. त्यातही तोटा आहेच. तो तळवा वाकत नाही, जमीन कळत नाही, आणि घोटा मुरगळला तर उंचीमुळे जोरात मुरगळतो.

प्रिन्सनं मात्र हा सोपा मार्ग फारसा घेतला नाही. मिनियापोलिसचा हा गायक जेमतेम सव्वापाच फूट उंच. टाचेचे बूट त्यानं स्टेजवर घातले, स्टेजबाहेर घातले, जवळजवळ जन्मभर घातले. 2021 मध्ये पेझ्ली पार्क या त्याच्या घर-स्टुडिओत त्याच्या जोड्यांचं प्रदर्शन भरलं. तीनशेहून जास्त जोड होते. त्यातले कित्येक सूट ज्या कापडाचा त्याच कापडानं मढवलेले, म्हणजे जांभळ्या सुटाला जांभळा जोडा, ठिपक्यांना ठिपके. पँट कुठं संपते आणि बूट कुठं सुरू होतो हे दुरून कळू नये, म्हणजे पाय आणखी लांब दिसतो. शिंप्यांच्या जगातली ही जुनी युक्ती, पण इतक्या चिकाटीनं पाळलेली क्वचितच दिसेल. पियानोवरून उडी मारून पाय फाकून बसायचं आणि तसंच उसळून उभं राहायचं, हे सगळं टाचेवर. त्यासाठी टाचांना धातूचा आधार द्यावा लागे. बुटाला आधार देता आला, खुब्याला देता आला नाही. त्याच्याबरोबर वर्षानुवर्षं वाजवलेल्या शीला ई. हिनं त्याच्या मृत्यूनंतर सांगितलं की टाचा घालून मारलेल्या त्या उड्यांनी त्याला सतत दुखणं जडलं होतं. 2016 मध्ये तो गेला तो फेंटानिल या जबर वेदनाशामकाच्या अतिसेवनानं.

"म्हणजे हे सगळे समलिंगी होते?"

नाही. पोशाखावरून हे ओळखायला जाल तर हमखास तोंडघशी पडाल. बोवीनं जानेवारी 1972 मध्ये एका साप्ताहिकाला आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. तेव्हा तो विवाहित होता आणि एका मुलाचा बाप होता. पुढं त्यानं आपलंच म्हणणं दोन-तीनदा बदललं. प्रिन्स, किसचे चौघे, स्लेडची पोरं यांच्या नावावर बायकांच्याच भानगडी.

सगळ्यात मजेशीर उदाहरण क्वीन या इंग्लिश बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचं, आणि ते आपल्याला जवळचंही आहे. मूळ नाव फारुख बलसारा; झांझिबारमध्ये जन्मलेला हा पारशी मुलगा शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. 'हेक्टिक्स' हा त्याचा पहिला बँड तिथलाच. लंडनला गेल्यावर त्यानं केन्सिंग्टनच्या बाजारात जुने, झुळझुळीत कपडे विकले आणि तसलेच स्वतः घातले. क्वीनच्या सुरुवातीच्या काळात एका हाताच्या नखांना काळं नेलपॉलिश, डोळ्यांत काजळ, झँड्रा ऱ्होड्स या फॅशन डिझायनरनं केलेला पांढरा, चुण्याचुण्यांचा, पंखांसारखा झगा. 1980 च्या आसपास त्यानं हे सगळं टाकलं, केस कापले, जाड मिशी ठेवली. अमेरिकेतल्या काही चाहत्यांना ती आवडेना, त्यांनी निषेध म्हणून स्टेजवर दाढीचे रेझर फेकले. पण मेख अशी, की ती मिशी, ते आखूड केस आणि घट्ट जीन्स हा त्या वेळी अमेरिकेतल्या समलिंगी पुरुषांच्या क्लबांमधला चालू वेश होता. पंखांचा झगा घालणारा फ्रेडी लोकांना विक्षिप्त कलाकार वाटला आणि मिशीवाला फ्रेडी वाटला मर्दगडी. 1985 च्या 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मोठ्या जलशात तो पांढरा बनियन, जीन्स आणि सपाट तळव्याच्या आदिदास बुटांत गायला. टाच कुठंच नव्हती.

"आपल्याकडे बालगंधर्व होतेच की!"

होते, आणि तिकडच्या कुठल्याही ग्लॅमवाल्यापेक्षा त्यांचा प्रभाव रोजच्या जगण्यावर जास्त पडला. त्यांची भामिनी, रुक्मिणी, सिंधू पाहून बायका त्यांच्यासारखं नेसू लागल्या, तसा अंबाडा घालू लागल्या. पण बालगंधर्व करत होते ते वेगळं होतं. स्त्रिया रंगभूमीवर येत नव्हत्या, म्हणून पुरुष स्त्रीपार्ट करत. त्यांचं यश समोर पुरुष आहे हे विसरायला लावण्यात होतं. जपानच्या काबुकीतले स्त्रीभूमिका करणारे नटही त्याच वाटेनं जातात. बोवीचे काही गाजलेले पोशाख कान्साई यामामोतो या जपानी कलावंतानं काबुकीवरूनच बेतले. बोवीनं मात्र त्यातला झगमगाट घेतला, स्त्रीपार्ट घेतला नाही. समोर पुरुष आहे हे त्यानं विसरू दिलं नाही, आणि पुरुष म्हणजे काय हेही ठरवू दिलं नाही.

तिसरा प्रकार नुसत्या थट्टेचा. क्वीननंच 1984 मध्ये एका गाण्याच्या व्हिडिओत बायकी कपडे घातले. फ्रेडी मिशी न काढताच आखूड स्कर्टात व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो. ती एका इंग्रजी टीव्ही मालिकेतल्या बायकांची नक्कल होती. ब्रिटनमध्ये लोक पोट धरून हसले, अमेरिकेत मात्र कपाळावर आठ्या पडल्या. एकच साडी, पण ती कशासाठी नेसली यावर सगळं अवलंबून असतं.

"हे बंड की नुसता धंदा?"

दोन्ही, आणि कधी कधी बंडाचा लवलेश नसलेला धंदा. 1980 च्या दशकात लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर जे बँड आले ते घ्या. मॉट्ली क्रू, पॉइझन वगैरे. पॉइझनच्या 1986 च्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर चौघांचे चेहरे आहेत. लिपस्टिक, गालाला लाली, डोळ्यांवर रंग, स्प्रेनं उभारलेले केस. नाव झाकलं तर मुली समजाल. आता या सगळ्या मांडवातली गाणी ऐका. बाई म्हणजे गाडी, बाटली आणि रात्रीची मजा यांच्या यादीतली आणखी एक वस्तू. पुरुषानं लिपस्टिक लावली म्हणजे त्याला बायकांबद्दल आदर आलाच असं समजणाऱ्यांनी हा काळ जरूर अभ्यासावा. तिथं बायकी नटणं हा पुरुषी मिजाशीचाच भाग होता: मी काहीही घालीन, माझ्या मर्दपणाला कोण हात लावतो बघू.

या मिजाशीची टोपी उडवली निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेननं. 1991 मध्ये तो 'हेडबँगर्स बॉल' नावाच्या टीव्ही कार्यक्रमाला पिवळा गाऊन घालून गेला आणि म्हणाला, कार्यक्रमाच्या नावात बॉल आहे म्हणून नाचाच्या समारंभाचा पोशाख केला. ना मेकअप, ना टाच. सुंदर दिसायचा प्रयत्नच नाही. त्याला दांडगट पुरुषांचा मनस्वी तिटकारा होता, आणि तो गाऊन मला त्या सगळ्या लिपस्टिकवाल्यांपेक्षा धीट वाटतो.

"बाईनं पँट घातली तर चालते, मग पुरुषानं गाऊन का नको?"

प्रश्न रास्त आहे. पण पँट चालायला लागायला बायकांना किती झगडावं लागलं हे विसरू नये. आणि दोन्हींत फरक आहे. बाई पँट घालते तेव्हा ती वरचढ मानलेल्या गटाचं काहीतरी घेते, त्याला लोक प्रगती म्हणतात. पुरुष गाऊन घालतो तेव्हा तो खालचं मानलेलं काहीतरी घेतो, त्याला लोक शोभा म्हणतात. गाऊन वाईट म्हणून हसू येत नाही, बायकी म्हणून येतं. म्हणूनच 'बायकी' ही आपल्याकडेही पुरुषाला दिलेली शिवी आहे आणि 'मर्दानी' हे बाईचं कौतुक.

यातून सुटका मिळते ती नाव आणि पैसा असलेल्यांना. हॅरी स्टाइल्सवर टीका दोन्हीकडून झाली. एकीकडून मर्दानी पुरुष हवेत म्हणणारे, दुसरीकडून बिली पोर्टर. हा कृष्णवर्णीय समलिंगी अभिनेता 2019 च्या ऑस्करला वर टक्सिडो आणि खाली घेरदार गाऊन घालून गेला होता. 2021 मध्ये तो म्हणाला की यासाठी मी आयुष्यभर झगडलो, आणि हॅरीला फक्त गोरा आणि भिन्नलिंगी (समलिंगी नसलेला) पुरुष असणं पुरलं. पुढं त्यानं हॅरीचं नाव घेतल्याबद्दल जाहीर माफी मागितली. मुद्दा मात्र माफीनं खोटा ठरत नाही. लिटल रिचर्डपासून ज्यांनी मार खाण्याच्या भीतीसकट हे केलं, त्यांच्या वाट्याला मासिकांची मुखपृष्ठं फार उशिरा आली.

"आणि आमच्याच पोरानं टाच मागितली तर?"

गिटार शिकणाऱ्या पोराला काळं नेलपॉलिश किंवा टाचेचे बूट हवेसे वाटले, तर वर सांगितल्याप्रमाणे त्यावरून त्याच्या आवडीनिवडीचा, लैंगिकतेचा काही अंदाज बांधता येत नाही. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये टाळ्या पडतील, त्याच बुटांवर एसटी स्टँडवर उभा राहिला तर शेरे ऐकावे लागतील. स्टेज संपलं की सवलत संपते, हे त्याला आधी सांगितलेलं बरं. बाकी सल्ला चपलांच्या दुकानात मिळेल तसाच: टाच रुंद घ्या, पुढं थोडा प्लॅटफॉर्म असू द्या, बोटं दबत नाहीत ना ते पाहा, घरात आठवडाभर घालून सवय करा, पोटऱ्या रोज ताणा, आणि जिना उतरताना कठडा धरा.